दादरीचं मीठ

जयदीपच्या सोसायटीच्या नावात 'पाम' होतं आणि गेटच्या दोन्ही बाजूंना बिल्डरनं शोभेची ताडासारखी झाडं लावली होती. तरी त्याची आई माडाची कुंडी घेऊन लिफ्टशी आली की वॉचमन हात आडवा घालायचा. "अम्माजी, मिट्टी गिरती है," म्हणायचा. आईला, सखुबाईला, हिंदी येत नव्हती. ती त्याला मराठीत समजावायची, की बाबा रे, ऊन खाली पडतं, अकराव्या मजल्यावर येत नाही, आणि समजावता समजावता कुंडी आत ढकलायची. जयदीपनं ऑफिसातल्या एका मोडक्या खुर्चीची चाकं त्या कुंडीला बसवून दिली होती. पुढे गडगडणारी कुंडी आणि मागे मुलाचा जुना फौजी स्वेटर घातलेली, कानाला मफलर बांधलेली म्हातारी, असं हे दोघांचं फिरणं सगळ्या सोसायटीला ठाऊक झालं होतं. खाली बाकावर बसून ती धुक्यातून सूर्य निघायची वाट बघायची. नोएडा एक्स्टेंशनच्या जानेवारीत तो कधी दुपारी निघायचा, कधी निघायचाच नाही.

जयदीप माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की होता.

दापोलीच्या खाली समुद्राला लागून त्यांची वाडी होती. माड, पोफळी, मधे विहीर आणि विहिरीपलीकडे घर. बारावी झाल्याबरोबर तो भरतीला उभा राहिला, घेतला गेला, आणि हवालदार होऊन निवृत्त झाला तेव्हा दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये होता. बायको ममता साताऱ्याकडची. मुलगी रेवतीची शाळा दिल्लीतच चाललेली. नोएडात एका आयटी कंपनीच्या सिक्युरिटीचं काम त्याला मिळालं आणि तो इथलाच झाला. फौजेत त्याच्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढला नाही. खोटं बोलायचा नाही, कुणावर ओरडायचा नाही. एकच खोड होती. अवघड काही बोलायचं आलं की तो वेळ मारून न्यायचा. रजा मागणाऱ्या पोरांना तो नाही म्हणत नसे, हो म्हणत नसे, 'देखते हैं' म्हणे. वडिलांनी, काशीनाथनं, दर सुट्टीत विचारावं, की रिटायर झालास की वाडी बघशील ना? यानं दर सुट्टीत म्हणावं, बघू, बाबा. त्या 'बघू'च्या भरवशावर काशीनाथनं जिवंतपणीच सातबारा मुलाच्या नावावर करून टाकला.

मग निसर्ग वादळ आलं. वाडीतले माड एका दुपारीत आडवे झाले, काही मुळासकट, काही मधेच पिरगळून. घरावरचे पत्रे कुणाच्या तरी शेतात सापडले. काशीनाथ वाडीत फिरायचा आणि पडलेल्या एकेका खोडावर बसून उठायचा. नवी लागवड करू, असं तो सगळ्यांना सांगत होता. माड लावला की फळ यायला सात-आठ वर्षं लागतात, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही. त्याच हिवाळ्यात तो गेला.

तेराव्यानंतर जयदीपचा चुलतभाऊ हरिदास एका पुणेकर पार्टीचा निरोप घेऊन आला. त्यांना समुद्रकाठी जागा हवी होती, राहायच्या खोल्या बांधायच्या होत्या. जयदीप तेव्हा कॅन्टोन्मेंटचं क्वार्टर सोडून जायचं कुठं, या चिंतेत होता. वाडीत उभं असं काही राहिलं नव्हतं. त्यानं सही केली. त्या पैशातून हा अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट झाला. ममताची विकण्याला हरकत नव्हती, तिचं म्हणणं एवढंच, की आईंना आधी सांगा. तो म्हणाला, "सांगतो ना यार. जरा शांत होऊ दे तिला." ती शांत व्हायची वाट बघणं, ही त्याला मोठीच सोय झाली.

आईला त्यानं सांगितलं, की घरावर पत्रे नाहीत, एकटी कशी राहशील, पत्रे घालून होईपर्यंत आमच्याकडे चल. ती तयार झाली. निघायच्या आदल्या दिवशी ती वाडीत गेली आणि पडलेल्या झावळ्या उपसून विहिरीजवळच्या माडाचा एक नारळ शोधून आणला. त्याला कोंब फुटला होता. खेडला गाडीत बसल्यापासून निजामुद्दीनला उतरेपर्यंत तिनं तो ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर धरला. जयदीपनं दोनदा तो वर बर्थवर ठेवायला मागितला, तिनं दिला नाही.

"याला पाच पानं झाली की लावायचा," ती गाडीत म्हणाली. "विहिरीपाशीच. तोवर तुझे पत्रेही होतील. मग मी तिथंच राहीन."

"पाच पानं होऊ देत, आई," जयदीप म्हणाला. "मग नेतो."

आता हा माणूस समुद्रकाठी वाढलेला आणि दिल्लीत कैक हिवाळे काढलेला. चार डिग्रीत, महिनाभर ऊन नसताना, कुंडीतला माड टिकत नाही, हे त्याला दुसऱ्यानं सांगायला नको होतं. त्यानं हिशेब असा केला, की पहिल्याच थंडीत रोप मरेल, आई चार दिवस रडेल, आणि तेवढ्यात वाडीचं सांगून टाकता येईल. एका दुःखात दुसरं उरकेल. बापडा, आईला ओळखत नव्हता असंच म्हणायचं.

पहिल्या थंडीत तिनं काय काय केलं! कुंडीला गोणपाट शिवलं. रोपाला आपलं जुनं मऊ लुगडं गुंडाळलं. संध्याकाळ झाली की कुंडी आत तिच्या पलंगाशी यायची आणि सकाळी बाल्कनीत जायची. ममतानं खोलीत हीटर लावून दिला, तर तिनं तो आपल्या पायांकडून उचलून कुंडीकडे फिरवला. खाली राहणाऱ्या मीनाक्षीनं, ही केरळची बाई, एकदा वर येऊन सांगितलं, की तुमच्या कुंडीचं पाणी माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळतं. तेव्हापासून कुंडी एका मोठ्या परातीत उभी राहू लागली. रेवती मैत्रिणींना 'दादी का पाम' दाखवायला आणायची. आजीनं तिला निक्षून सांगितलं, की पाम नाही, माड म्हण. पोरीला तो शब्दच माहीत नव्हता. ती म्हणाली, "अच्छा, माड. पण आजी, माड म्हणजे नारियल का पेड़च ना?" आजीला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

रोप जगलं. होळीनंतर ऊन तापलं आणि तिसरं पान उकललं. आईनं जयदीपला हात धरून बाल्कनीत नेऊन दाखवलं. तो म्हणाला, छान आहे.

त्यानं एकदा सांगायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. पावसाळ्यातला एक रविवार होता. हरिदासनं त्याच्या फोनवर वाडीचा फोटो पाठवला होता. घर पाडलेलं, विहीर बुजवलेली, आणि विहिरीच्या जागी निळ्या फरश्यांचा पोहायचा तलाव. फोटोखाली हरिदासनं हात जोडल्याचं चित्रही टाकलं होतं. त्याची दलाली त्याला मिळाली होती, त्यामुळे तो गावात मूग गिळून बसला होता. आईला फोनवर नीट ऐकू येत नसे, म्हणून गावाकडचं जे काही कळायचं ते जयदीपच्याच तोंडून. त्या रविवारी तो फोन हातात घेऊन तिच्याशेजारी बसला आणि म्हणाला, "आई, वाडीचं एक बोलायचं होतं." ती म्हणाली, बोल की. मग तिचं लक्ष कुंडीकडे गेलं आणि ती गुडघ्यावर हात टेकून उठली. चौथं पान उकलत होतं. ते बघून झाल्यावर तिनं विचारलं, काय रे, वाडीचं काय? तो म्हणाला, काही नाही, पत्र्यांचे भाव वाढलेत.

त्याआधीच्या उन्हाळ्यात सोसायटीत आणखी एक गोष्ट घडली होती आणि ती इथं सांगायलाच हवी. नळाला येणारं गंगेचं पाणी काही दिवस बंद झालं आणि बोअरचं पाणी सोडलं गेलं. ते खारं. ममतानं तेच कढीपत्त्याला घातलं. पंधरवड्यात पानांच्या कडा करपल्या आणि झाड वाळून गेलं. जयदीपनं कुंडी उलटी केली तर मातीत पांढरा थर. त्यानंच मग सोसायटीच्या ग्रुपवर हिंदीत लिहून टाकलं, की बोअरचं पाणी कुंड्यांना घालू नका, कुंडीतून मीठ निघून जात नाही, मुळं जळतात. त्या मेसेजला बऱ्याच जणांनी अंगठे दाखवले होते. अज्ञान हे काही सगळ्यांनाच पांघरता येत नाही, आणि जयदीपला तर मुळीच येणार नव्हतं.

दिवाळीच्या सुमाराला पाचव्या पानाची सुरळी वर आली. त्या दिवशी आईनं पेटी काढली. तिनं सगळं ठरवलं होतं. थंडी सरेल, सुरळी उकलेल, आणि शिमग्याला गावी जायचं. शिमग्याला कोकणातला माणूस जिथं असेल तिथून घरी येतो, पालखी दारात येते, आणि पालखीच्या वेळी दार बंद असलं तर ते सगळ्या गावाला दिसतं. दोन वर्षं तिचं दार बंद होतं. तिनं ममताला तिकिटं बघायला सांगितली. ममतानं जयदीपकडे बघितलं. जयदीपनं फोनकडे बघितलं.

"अहो, आता तरी सांगा," ममता आत आल्यावर म्हणाली. तो म्हणाला, संक्रांत होऊ दे.

यंदाची थंडी जास्त होती. धुकं पडलं की समोरचा टॉवर दिसेनासा व्हायचा आणि विमानं, गाड्या, शाळा, सगळ्यांच्या वेळा बिघडायच्या. हवेला धुराचा वास यायचा. आई खोकत होती तरी कुंडी खाली नेणं तिनं सोडलं नाही. पण सुरळी होती तिथंच थांबली. खालची पानं पिवळी पडायला लागली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिनं तिळगुळाचं ताट आवरता आवरता जयदीपला जवळ बोलावलं आणि सांगितलं, की तिच्या लक्षात आलंय काय चुकतंय ते. माड समुद्राचा. त्याला इथं मीठ कुठलं मिळायला? तुझे बाबा दर साली पावसाच्या तोंडावर आळ्यात राख आणि मीठ घालायचे, तू पाटी धरून मागे असायचास, आठवतं का? पुडीतलं बारीक मीठ नको, ते औषधासारखं असतं. जाडं मीठ आण, खड्यांचं.

खरं होतं तिचं. कोकणात माडाला मीठ घालतात. तिथं वाळूची जमीन आहे आणि वर चार महिने कोसळणारा पाऊस, सगळं धुऊन खाली जातं. इथं बुडाला एक भोक असलेली कुंडी होती आणि ते भोक परातीत बुडलेलं होतं. जयदीपला हे आई बोलत असतानाच कळलं. त्याला कढीपत्ता आठवला, पांढरा थर आठवला, स्वतः लिहिलेला मेसेज आठवला. आई, कुंडीत मीठ नको, मरेल ते, एवढंच बोलायचं होतं. यात लाजण्यासारखं काही नव्हतं, वाडीचा विषय नव्हता, अवघडही काही नव्हतं.

तो म्हणाला, "बघतो कुठं मिळतं."

आणि या वेळी त्यानं खरंच बघितलं. जन्मभर सगळं उद्यावर टाकणारा हा माणूस त्याच आठवड्यातल्या रविवारी सकाळी मोटरसायकल काढून निघाला. सोसायटीच्या दुकानात पुड्याच होत्या. पुढच्या बाजारातही पुड्याच. इथंच तो परत फिरू शकला असता. तो थेट दादरीला गेला. तिथं रेल्वे फाटकाच्या अलीकडे गुरांच्या चाऱ्याचं एक दुकान होतं आणि तिथं म्हशींना चाटायला ठेवतात ते मिठाचे खडे आणि जाडं मीठ गोणीतून मिळायचं. दुकानदारानं विचारलं, कितनी भैंसें हैं? जयदीप म्हणाला, एक. परत येताना धुक्यात पुढचं दिसत नव्हतं. मिठाची पिशवी त्यानं जॅकेटच्या आत पोटाशी धरली होती, दमट होऊ नये म्हणून.

आईला काय आनंद झाला! मुलगा माझ्यासाठी दादरीला गेला, हे तिनं ममताला सांगितलं, रेवतीला सांगितलं, खाली वॉचमनलाही मराठीत सांगितलं. मग पदर खोचून ती बाल्कनीत बसली. जयदीपनं कुंडी धरली. तिनं बोटांनी माती उकरून नारळाभोवती आळं केलं आणि मूठभर मीठ पसरलं. आणखी एक मूठ. खडे ओल्या मातीवर चमकत होते. तिनं हात आखडता घेतला आणि जयदीपकडे बघितलं.

"पुरे का रे? रोप लहान आहे."

कुणी त्याला तेव्हा विचारलं असतं, तुला काय हवंय, तर त्याला सांगता आलं नसतं. त्याला एवढंच दिसत होतं की शिमगा दीड महिन्यावर आलाय.

"बाबा तर पाटीभर घालायचे," तो म्हणाला.

"खरंच की," आई म्हणाली आणि तिनं पिशवी उपडी केली. वरून तिनं तांब्याभर पाणी घातलं आणि मातीवरून हात फिरवला.

पुढचं फार लांबवण्यात अर्थ नाही. आधी पानांची टोकं तपकिरी झाली, मग कडा, जसं कढीपत्त्याचं झालं होतं तसंच. आई म्हणाली, थंडीनं होतंय. तिनं आणखी एक लुगडं काढलं. मग म्हणाली, तहानलंय, आणि पाणी वाढवलं. परातीतलं खारं पाणी संध्याकाळी ती परत कुंडीतच ओतायची, मीठ वाया जाऊ नये म्हणून. जयदीप कामावरून आला की ती त्याला विचारायची, आज जरा बरं दिसतंय ना? तो बूट काढता काढता हो म्हणायचा. रात्री त्याला जेवण जात नसे. बाल्कनीच्या दाराकडे पाठ करून तो टीव्ही बघायचा, आणि टीव्हीवर काय चाललंय हे विचारलं तर त्याला सांगता आलं नसतं.

ऊन परत आलं, पाखरं परत आली, गेटवरची शोभेची झाडं टवटवीत झाली. एका सकाळी आईनं सुरळी कितपत उकललीय ते बघायला तिला हलकेच हात लावला आणि ती सबंध सुरळी तिच्या हातात आली. खालचं टोक कुजलं होतं आणि त्याला वास येत होता.

ममता धावत आली. तिनं कुंडी बघितली. मातीवर पांढरी साय धरली होती, कडांवर कणीदार. तिनं त्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि स्वयंपाकघरात गेली. जयदीप मागोमाग गेला.

"तुम्हाला माहीत होतं ना?" ती म्हणाली.

"तिनंच मागितलं."

"मी ते विचारलं नाही."

ममतानं नळ सोडून बोट धुतलं, फार वेळ धुतलं. ती बाहेर जाऊन सासूला सगळं सांगू शकली असती. पण तीही त्याच घरात राहत होती, त्याच ओट्यावर स्वयंपाक करत होती, आणि सांगायला एकदा सुरुवात केली की कुठं थांबायचं, हे तिलाही कळेना. तिनं नळ बंद केला आणि कुकर लावला.

संध्याकाळी मीनाक्षी आली. वाळलेलं रोप तिला खालून दिसलं होतं. तिच्या माहेरीही नारळाची बाग, त्यामुळे तिला राहवलं नाही. कुंडीपाशी वाकून तिनं माती चिमटीत घेतली, जिभेला लावली आणि कपाळावर हात मारला. "अम्मा, इसमें नमक डाला? बाग में डालते हैं, गमले में नहीं. गमले से नमक निकलता नहीं ना. जड़ जल गई पूरी."

आईला 'नमक' तेवढं कळलं. ती जयदीपकडे वळली.

"काय म्हणते ती?"

कान सोनारानंच टोचावेत म्हणतात. पण इथं सोनाराची भाषा जिचा कान तिला येत नव्हती, आणि मधे हा उभा होता. दिल्लीच्या थंडीनं गेला म्हणते, एवढं त्यानं सांगितलं असतं तर आईनं दिल्लीला चार शिव्या दिल्या असत्या, पदरानं डोळे पुसले असते आणि म्हणाली असती, चल गावी, दुसरा नारळ बघू. तेवढं एक खोटं तिच्या भल्याचं होतं. आईपुढे इतकी वर्षं त्यानं इतकं काही झाकून ठेवलं होतं, त्यात आणखी एकाची काय मोजदाद. पण जयदीपनं त्या संध्याकाळी मीनाक्षीचं बोलणं शब्दन् शब्द खरं खरं सांगितलं.

"मिठानं गेला म्हणते, आई. कुंडीत मीठ घालायचं नसतं. मुळं जळाली."

आईनं आपले दोन्ही तळवे पालथे केले, उताणे केले, आणि मांडीवर ठेवून दिले. मीनाक्षीला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं. ती आईच्या खांद्यावर हात ठेवून मल्याळममध्ये काही बोलली आणि खाली गेली.

मग बरेच दिवस आई कुंडीकडे गेली नाही. तिचं खाली जाणंही थांबलं. वॉचमननं एकदा जयदीपला विचारलं, अम्माजी ठीक हैं ना? शिमगा जवळ आला, पण पेटीचं नाव कुणी काढेना. होळीच्या आदल्या दिवशी आईनंच त्याला हाक मारली. ती पलंगावर बसली होती आणि पेटीतलं लुगडं काढून पुन्हा कपाटात ठेवत होती.

"जयू, तिकिटं काढली असशील तर रद्द कर."

"का, आई?"

"मला आता नको नेऊस. विहिरीपाशी जाऊन उभी राहू आणि काय सांगू? त्यांच्या माडाचं एक रोप शिल्लक होतं. ते वादळानं नाही मारलं, इथल्या थंडीनं नाही मारलं. मी मारलं, माझ्या हातानं." तिनं लुगड्याची घडी सारखी केली. "तू वाडी विकून टाक. माझ्या जिवासाठी अडून बसू नकोस. मी होते म्हणून तू थांबलास, हे मला कळत नाही असं नाही."

दोन वर्षं ज्याची त्यानं वाट बघितली होती ते सगळं त्याच्या ओंजळीत पडलं. शब्दही न खर्चता. जयदीप तिच्या पायांशी खाली बसला आणि फौजेतला, पंचेचाळिशीचा माणूस हुंदके देऊन रडायला लागला. त्याला खरंच बोलायचं होतं. "आई, मला," एवढं तो म्हणाला, "मला माहीत," एवढंही म्हणाला. पण आईनं त्याचं डोकं जवळ ओढून घेतलं होतं आणि ती त्याला थोपटत होती.

"तू कशाला रडतोस वेड्या? तुझा काय दोष त्यात? तू तर माझ्या शब्दाखातर त्या धुक्यात दादरीपर्यंत गेलास."

तिचा हात त्याच्या डोक्यावर होता आणि त्यानं तो तसाच राहू दिला.

महिनाभर जाऊ देऊन जयदीपनं आईला सांगितलं, की वाडीला गिऱ्हाईक मिळालं, पुण्याचे लोक आहेत, चांगले आहेत. आईनं पैशाचं काही विचारलं नाही. ती कोथिंबीर निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "विहीर ठेवतील ना रे?"

"ठेवतील," जयदीप म्हणाला.